वेटिंगवरची सुट्टी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजचा माझा विषय घरगुती हिशेबाचा आहे. आपल्यापैकी काही घरांनी सुट्टीच्या रिसॉर्टचे सभासदत्व घेतले आहे. आरंभी मोठी रक्कम भरायची आणि पुढे कित्येक वर्षे, काही ठिकाणी तर २५ वर्षे, दरसाल ठरावीक रात्री तेथे राहायचे, अशी ही पद्धत. १९६० च्या दशकात ती फ्रान्समधील आल्प्स पर्वतात सुरू झाली. आपल्या देशात १९८६ मध्ये स्थापन झालेली स्टर्लिंग आणि १९९६ मध्ये स्थापन झालेली महिंद्रा हॉलिडेज या त्यातील परिचित कंपन्या.

सभासदत्व म्हणजे खोली नव्हे. खोली मागण्याचा हक्क, एवढाच त्याचा अर्थ. सभासद पुष्कळ आणि मे महिन्यात बहुतेकांना महाबळेश्वरच हवे. मग आपले नाव प्रतीक्षायादीत, म्हणजे वेटिंगवर जाते. देखभालीचा वार्षिक आकार मात्र आपण गेलो काय, न गेलो काय, भरावाच लागतो.

वेटिंग आपल्याला रेल्वेमुळे ठाऊक आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. चार्ट लागला की निकाल कळतो. ऑनलाइन काढलेले तिकीट तोवर वेटिंगवरच राहिले, तर ते आपोआप रद्द होऊन थोडी कपात करून पैसे परत येतात. रिसॉर्टच्या यादीचे नियम मात्र ज्याचे त्याचे निराळे. म्हणून नाव घालतानाच चार प्रश्न विचारावेत: यादी किती तारखेपर्यंत चालते? खोली सुटली तर आपल्याला विचारतात, की परस्पर नावावर टाकतात? वाट पाहताना आपल्या रात्री अडकून पडतात काय? नको म्हटल्यास रात्री किंवा पैसे कापतात काय? उत्तरे लेखी घ्यावीत.

दुसरी गोष्ट पर्यायाची. भरवशाच्या म्हशीला टोणगा, ही म्हण आपल्या आजीपणजींनी अनुभवावरूनच सांगितली आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही महाबळेश्वरच्या यादीत नाव घातले आणि त्याच दिवशी गणपतीपुळ्याला पर्यटन महामंडळाच्या निवासात दोन खोल्या घेतल्या. त्या कोणत्या तारखेपर्यंत रद्द केल्यास किती पैसे परत मिळतात, ते विचारून सूनबाईने भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या तीन दिवस आधी तांबडी खूण केली. खुणेच्या दिवसापर्यंत महाबळेश्वरची खोली सुटली नाही. आम्ही यादीतून नाव काढले, गाडी सांगितली आणि समुद्रावर गेलो. नातवंडांनी महाबळेश्वरची आठवणसुद्धा काढली नाही.

ज्यांना शाळेच्या सुट्टीचे बंधन नाही, त्यांनी पावसाळ्याचा विचार करावा. त्या दिवसांत गर्दी कमी आणि वेटिंगही कमी.

पर्यायी खोली धरावी, पण अडवून ठेवू नये. पहिली जागा मिळताच दुसरी त्याच दिवशी सोडावी. आपण सोडलेल्या खोलीमुळे यादीतल्या दुसऱ्या एखाद्या घराचे नाव वर सरकते. आपल्याला खोली मिळते, तीही अशीच कोणी वेळेवर सोडली म्हणून.

तुम्ही म्हणाल, चार दिवसांच्या सहलीसाठी एवढा खटाटोप कशाला? भगिनींनो, आपल्या तालुक्यात माघ-फाल्गुनात द्राक्षे उतरतात, मागोमाग बेदाण्याची शेडे, मग एप्रिलची खरड छाटणी. ऑक्टोबरात पुन्हा फळछाटणी. या साऱ्यातून घरच्या बाईला मोकळे असे चार दिवस मिळतात. ते "बघू, खोली सुटेल" म्हणत उंबऱ्यात बसून गेले, तर पैशाबरोबर तिची वर्षाची विश्रांतीही बुडते. पैसा पुन्हा मिळवता येतो. गेलेला मे महिना येत नाही. म्हणून पुरुषमंडळी यादीवर विसंबली, तरी तांबडी खूण आपण आपल्या हाताने करावी.