स्टे मिळाला म्हणजे काम झालं?

आज कोडिंग नाही, कायदा. मी वकील नाही, पण हे स्वतः भोगलंय.

बिल्डरने माझं बुकिंग परस्पर रद्द केलं. मी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. आयोगाने अंतरिम आदेश दिला: निकाल लागेपर्यंत हा फ्लॅट तिसऱ्या कुणाला विकायचा नाही. घरी पेढे वाटले! तीन आठवड्यांनी तोच फ्लॅट, तोच मजला, एका प्रॉपर्टी ॲपवर विक्रीला. आई म्हणाली, "मग त्या कागदाचा उपयोग काय?"

उपयोग आहे, पण आदेश आपोआप रन होत नाही. तो आपल्याला एक्झिक्यूट करायला लावावा लागतो.

२०१९च्या कायद्यात कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मिळतो. तो पाळला नाही तर दोन रस्ते. कलम ७१: आयोगाचा प्रत्येक आदेश दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो, अगदी मालमत्तेच्या जप्तीपर्यंत. कलम ७२: आदेश मोडणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही.

आधी गंमत उलटी होती. २००२च्या दुरुस्तीने जुन्या कलम २५(१) मध्ये 'अंतरिम आदेश' एवढेच शब्द ठेवले. म्हणजे अंतरिम आदेशासाठी जप्ती, आणि पैशाचा नसलेल्या अंतिम आदेशासाठी ती वाटच नाही! एका शब्दाचा बग, मार्च २००३ ते जुलै २०२० प्रॉडक्शनमध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याच्या पाम ग्रोव्हज सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, त्या काळासाठी तिथे 'कोणताही आदेश' असं वाचा.

आता माझं. आदेशाची प्रमाणित प्रत काढली. ती बिल्डरला मिळाल्याची पोचपावती जपली, नाहीतर तो म्हणणार, "मला माहीतच नव्हतं." जाहिरातीचे तारखेसकट स्क्रीनशॉट जोडले आणि अर्ज टाकला. नोटीस निघाली आणि जाहिरात उतरली. मूळ केस अजून चालू आहे, पण फ्लॅट विकला गेलेला नाही.

तेव्हा स्टे मिळाला की पेढे जरूर वाटा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमाणित प्रतीचा अर्ज करा. भेटू पुढच्या भागात!