आधी चीज, मग नियम

पेण-रोह्याकडे गाणे शिकण्याचे दोन रस्ते दिसतात. भजनी मंडळात पेटी-पखवाजाच्या साथीने अभंग ऐकता ऐकता गळा तयार होतो. तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेला बसणारा विद्यार्थी आरोह, अवरोह, वादी, संवादी, वर्ज्य स्वर वहीत उतरवून पाठ करतो. पहिला रस्ता कच्चा आणि दुसरा शास्त्रशुद्ध, असा आपला सरसकट समज आहे. माझे म्हणणे असे, की रागाचे नियम शिकायलाच हवेत, पण ते चिजेच्या, म्हणजे बंदिशीच्या, मागून.

भूप आणि देशकार घ्या. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. मध्यम-निषाद दोन्हींत वर्ज्य. भूपात गंधार वादी, म्हणजे मुख्य स्वर, आणि धैवत संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा; देशकारात नेमके उलट. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी. वहीत हा फरक दोन ओळींत मावतो, पण तेवढ्याने तो गळ्यात उतरत नाही. धैवतावर कुठून यायचे, किती थांबायचे, उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या भागात, किती रमायचे, हे चीजच शिकवते. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेही सहा स्वर तेच. मारवा षड्ज टाळत कोमल रिषभ आणि धैवतावर उभा राहतो, पूरिया मंद्रात रमतो, सोहनी तारसप्तकाकडे झेपावते. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातल्या गणपतींना डोळ्यांच्या आखणीने वेगवेगळा भाव येतो, तसेच हे.

यावर कुणी म्हणेल, गुरू मुंबईला, विद्यार्थी रोह्याला; मग पुस्तकातल्या नियमांवाचून त्याला आधार कसला? आधार हवाच. पण ज्या भातखंड्यांच्या ग्रंथांतून हे नियम आपल्यापर्यंत आले, त्यांनी घराण्यांच्या गवयांकडून शेकडो चिजा मिळवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. प्रत्यक्ष गायले जाणारे संगीत हाच त्यांच्या शास्त्राचा पाया होता. त्यांची पुस्तके घेऊन फक्त वरची माहिती पाठ करणे आणि खालची चीज सोडणे, हा त्यांच्यावरच अन्याय आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: मोठे गवई नियम मोडतात, मग ते शिकायचे तरी कशाला? बिहागात पूर्वी शुद्ध मध्यमाचेच राज्य होते, आज तीव्र मध्यम ठळकपणे येतो. बागेश्रीतल्या पंचमाबद्दल अजूनही एकमत नाही. यावरून नियम निरुपयोगी ठरत नाहीत. ते गाण्यातून निघतात आणि गाण्याबरोबर बदलतात, एवढेच ठरते. भूपाच्या अवरोहात निषाद डोकावला की शुद्ध कल्याणाची छाया पडते. ही चूक कानाला खटकते, पण तिचे कारण सांगून ती पुन्हा होऊ न देणे हे नियमाचे काम.

म्हणून पेण-रोह्यातल्या शिक्षकांना विनंती आहे. एका रागाच्या दोन चिजा आणि त्याच रागातला एक अभंग विद्यार्थ्याच्या गळ्यावर चढू द्या. मग वादी-संवादी त्यालाच शोधायला सांगा आणि त्यानंतरच पुस्तक उघडा.