उत्तर ध्रुवावरची वाट

घाटकोपरच्या गच्च्यांवरून उतरणारी विमानं आपल्या अंगवळणी पडली आहेत. १९६० साली एअर इंडियाचं पहिलं जेट, बोइंग ७०७, ही विमानं उतरतात त्याच मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर उतरलं. त्याआधी, १९५४ मध्ये, एका स्कँडिनेव्हियन विमान कंपनीनं कोपनहेगन ते लॉस एंजेलिस अशी आर्क्टिकवरून सेवा सुरू केली होती. पण ती पंख्यांच्या विमानांची. १९६५ मध्ये एका बोइंग ७०७नं दोन्ही ध्रुवांवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली.

आपल्याकडे मात्र हा योग फार उशिरा आला. १५ ऑगस्ट २०१९ला एअर इंडियाचं दिल्ली-सॅनफ्रान्सिस्को विमान ध्रुवीय प्रदेशावरून गेलं. जानेवारी २०२१ मध्ये याच वाटेनं सॅनफ्रान्सिस्को-बंगळुरू हे सुमारे १४,००० किलोमीटरचं अंतर कापलं ते झोया अग्रवाल, आकांक्षा सोनावरे आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी.

ही वाट इतकी अवघड का? ध्रुवाजवळ होकायंत्र भरवशाचं राहत नाही, आणि खरी डोकेदुखी इंधनाची. नेहमीचं जेट इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं. बाहेरची हवा त्याहून थंड असू शकते. म्हणून वैमानिक टाकीतल्या इंधनाच्या तापमानावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतात. पारा फारच उतरला, तर विमान खालच्या, उबदार हवेत आणतात किंवा वेग वाढवतात. हवेच्या घर्षणानं पंख थोडे तापतात.

आडवाटेला उतरावं लागलंच तर? त्यासाठी अमेरिकी विमान कंपन्यांना अशा उड्डाणांत कडाक्याच्या थंडीचे निदान दोन पोशाख सोबत ठेवावे लागतात, तेही प्रवाशांसाठी नव्हे, कर्मचाऱ्यांसाठी.