अक्षर पाहून लाकूड निवडावे

(नांदगाव खंडेश्वर येथे सुतार ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजचा विषय लहान आहे. दारावरची नावाची पाटी, दुकानाचा छोटा फलक, देवघरावर कोरलेले ‘श्री’ यांसाठी लाकूड कोणते घ्यावे, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु या लहान विषयात आपल्या मुलांच्या पोटापाण्याचा प्रश्न गुंतलेला आहे. 2022 मध्ये राज्य शासनाने दुकाने व आस्थापनांविषयीच्या कायद्यात दुरुस्ती करून लहानमोठ्या सर्व दुकानांवर देवनागरी मराठी पाटी सक्तीची केली. पाट्यांची मागणी वाढली. पण बाजारपेठेत पाहावे तो छापील फ्लेक्स आणि ॲक्रिलिक! गिऱ्हाईक लाकडाकडे वळावे असे आपणांस वाटत असेल, तर आपली पाटी दोन पावसाळ्यांत तडकता कामा नये. तिचे आयुष्य पटाशी लावण्यापूर्वीच, लाकूड निवडताना ठरते.

लाकूड जितके कठीण तितके चांगले, असा एक समज आहे. गाडीच्या चाकास बाभूळ, आसास धावडा, येथे तो खरा आहे. पाटीचे तसे नाही. चांगले वाळलेले बाभळीचे लाकूड घनमीटरास सुमारे 800 किलो भरते, सागाचे 650, आणि शिवणीचे 500 च्या आसपास. या तिघांत हलकी ती शिवण. पण ती कोरण्यास मऊ, आणि एकदा वाळली की फारशी वाकत नाही. बाभळीत बारीक अक्षर काढू जाल, तर धार लावण्यातच दिवस मावळेल.

सागाचा मान मोठा आहे आणि तो रास्तही आहे. त्याच्या गाभ्यात अंगचे तेल असते. त्यामुळे पाऊस व वाळवी यांस तो दाद देत नाही. मेळघाटातील कोरकू बांधव मृतांच्या स्मरणार्थ सागाचे कोरीव स्तंभ उघड्यावर उभारतात. त्यांवरील सूर्य, चंद्र, घोडेस्वार ठसठशीत असतात, आणि सागास तेच मानवते. कारण दर वर्षीच्या वाढीच्या आरंभी सागात मोठी छिद्रे पडतात. सच्छिद्र व घट्ट असे थर त्यात आलटून पालटून येतात. दोन इंच उंचीच्या अक्षरास त्याची बाधा होत नाही. अर्ध्या इंचाच्या अक्षराची कड मात्र त्या छिद्रांपाशी भुरभुरते. बारीक अक्षरास हळदूचे लाकूड घ्यावे. ते पिवळसर, घट्ट आणि एकसारखे असते. युरोपात सूक्ष्म चित्रांचे ठसे बॉक्सवुडवर कोरीत, जपानात चेरीच्या लाकडावर. तेथील कारागिरांनीही बारीक व एकसारखा पोतच पाहिला. हळदू मात्र उन्हापावसात ठेवू नये. तात्पर्य, मोठे अक्षर व उघडी जागा असेल तर साग. बारीक अक्षर व घरातील जागा असेल तर हळदू किंवा शिवण.

आता आपल्या लिपीचा विचार करू. आडव्या पाटीत लाकडाच्या शिरा शिरोरेषेच्या दिशेने धावतात. खोदीव अक्षरात शिरोरेषा कोरताना पटाशी शिरेबरोबर पुढे निसटते व फळी चिरते. म्हणून रेषेच्या दोन्ही टोकांस आधी आडवा छेद द्यावा. उठावाच्या अक्षरात काना हा धोक्याचा. त्यात शिरा आखूड तुटतात आणि अरुंद काना धक्क्यासरशी निखळतो. तेव्हा काना रुंद ठेवावा, उठाव कमी ठेवावा, आणि जेथे अक्षरे येणार तेथे गाठ असलेली फळी घेऊच नये.

फळीचे टोक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वाढीची वलये तेथे उभी दिसली, तर ती फळी घ्यावी. कमानीसारखी आडवी दिसली, तर ती पुढे वाटीसारखी वाकते. लाकूड वलयांच्या दिशेने आटते ते वलयांना आडवे आटण्याच्या सुमारे दुप्पट, हे त्याचे कारण. सालीलगतचे फिके लाकूड सागाचे असले तरी टाकून द्यावे. त्यास वाळवी लागते. इंचभर जाडीस वर्षभर सावलीत वाळवण, हा जुना हिशेब आजही उपयोगी आहे. आपल्या वऱ्हाडात वैशाखात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि आषाढात हवा ओलावते. ओले लाकूड हा फेरा सोसत नाही. पडलेल्या जुन्या घरांच्या सागवानी तुळया मिळाल्यास सोडू नयेत. त्या मुरलेल्या असतात. फक्त करवत लावण्यापूर्वी खिळे शोधावेत. नवे लाकूड परतवाड्याचे असो वा अन्य ठिकाणचे, पावतीचेच घ्यावे. काम झाल्यावर पाटीच्या पुढल्या, मागल्या आणि टोकाच्याही अंगास जवसाचे तेल द्यावे. एकच अंग पाणी प्याले, की पाटी बाक घेते.

बंधूंनो, येथील खंडेश्वराचे हेमाडपंती देवालय पाषाणाचे, म्हणून शतके उभे आहे. लाकडास तेवढे आयुष्य नाही. पण मालकाचे नाव त्याच्या नातवाने वाचावे, एवढे आयुष्य आपण त्यास निश्चित देऊ शकतो. चौकटी व फर्निचर करताना उरणारे तुकडे चुलीत घालण्यापूर्वी त्यांची टोके पाहण्याची सवय मुलांना लावा. हातभर तुकड्यात एक पाटी असते, आणि एका पाटीत एक दिवसाची मजुरी. ज्याचे नाव आपण कोरतो तो ते रोज वाचतो. तेव्हा ते नाव फाटणार नाही, ही जबाबदारी आपली आहे.