पेटीवाल्याचा पुतण्या
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मी वक्ता नव्हे, पेटीवाला आहे. पेडणे तालुक्यातल्या मोपाचा. मोपा म्हटल्यावर आता सगळ्यांना विमानतळच आठवतो. काल मला घ्यायला आलेल्या तुमच्या कार्यकर्त्याने विचारले, "म्हणजे विमानतळाच्या आत राहता की बाहेर?" 2023 च्या जानेवारीत तिथून विमाने उडू लागली. त्याआधीही आमच्याकडे माणसे राहत होती, आणि जत्रेला रात्रभर जागत होती.

आज बोलायचे कारण घरचेच आहे. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा आठवीत आहे. पुढच्या वर्षी नववीला कोणता व्यवसाय विषय घेणार, असा पसंतीचा कागद शाळेने घरी पाठवला. यादीत संगणक होता, दुकानदारी होती, पर्यटन होते. शेवटी होते 'परफॉर्मिंग आर्ट्‌स', म्हणजे गायन, वादन, नाट्य. पोराने त्याच्यासमोर खूण केली. भावाने ती खोडली आणि म्हणाला, "विमानतळ दारांत इलो, आनी हो पेटी वाजयतलो?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुका नाईट कितकी मेळटा, ती सांग ताका."

मी सांगितली. त्यानंतर पोरगा काही बोलला नाही, आणि मीही नाही.

पण तेव्हापासून डोक्यात हाच विषय आहे. पेडणे पोर्तुगीजांच्या ताब्यात आले 1788 मध्ये, जुन्या काबिजादींनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. त्यामुळे आमच्याकडे देवळे राहिली, देवळांबरोबर जत्रा राहिल्या आणि जत्रांबरोबर दशावतारी कालो राहिला. सिंधुदुर्गातल्या मंडळ्या सीमा ओलांडून येतात, आमच्याकडचे कलाकार त्यांच्यात जातात. तुळशीचे लग्न झाले की हंगाम सुरू होतो, तो वैशाखापर्यंत. पुढे पाऊस आणि शेती. म्हणजे कला हा आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या व्यवसायच आहे. शाळेच्या यादीत तो आत्ता आला, एवढेच.

हा व्यवसाय शिकतात कसा, ते सांगतो. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी रंग लावता लावता मंडळीचा मालक आख्यान सांगतो: आज अमुक राजा, अमुक राक्षस, युद्ध इथे, शाप तिथे. संवाद नट रंगमंचावर स्वतः बोलतो. आधी गणपती येतो, सरस्वती येते, संकासुर पोरांना हसवतो, मग आख्यान उभे राहते. पेटीवाल्याला प्रत्येक नटाची पट्टी तोंडपाठ लागते. नट बोलता बोलता श्वास कसा घेतो, त्यावरून ओळखायचे की आता पद येणार. श्वास ओळखायला उशीर झाला, तर नट उघडा पडतो. सुरुवातीची दोन वर्षे मी झांज धरून नुसते ऐकत होतो. माझी परीक्षा रोज रात्री व्हायची, गुणपत्रिका कधी मिळाली नाही.

त्या गुणपत्रिकेचीच गोष्ट आहे. माझी पहिली मंडळी मालकाच्या आजारपणात मोडली. एका ठिकाणी संगीत शिकवण्याची जागा निघाली, म्हणून गेलो. तिथे साहेबांनी अनुभवाचा दाखला मागितला. बारा वर्षे पेटी वाजवली होती, पण एक चिठोरेही जवळ नव्हते. मी म्हटले, "पेटी द्या, वाजवून दाखवतो." ते म्हणाले, "नियमात बसत नाही."

हे जुनेच दुखणे आहे. कुर्डी गावात 1904 मध्ये जन्मलेल्या मोगूबाईंना त्यांच्या आईने लहानपणीच चंद्रेश्वर भूतनाथ संगीत मंडळीत घातले होते. नाटक कंपनी हीच तेव्हाची व्यवसाय-शाळा. पाठांतर, गाणे, उभे राहणे, सगळे तिथेच. मोगूबाई पुढे कुठे पोचल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. पण कंपनी बंद पडली की बाकीच्या पोरांच्या हाती काय राहत असेल, हा विचार मला नेहमी छळतो. म्हणून शाळेने हा विषय घेतला याचा मला आनंद आहे. घरात बोललो नाही, इथे बोलतो.

माझी धास्ती वेगळी आहे. हा विषय म्हणजे स्नेहसंमेलनाची वर्षभर चाललेली तालीम होईल. एक समूहनृत्य, एक देशभक्तिपर गीत, आणि पाहुण्यांसमोर फोटो. तसे व्हायचे असेल तर भावाने खोडले ते बरोबर आहे. व्यवसाय म्हणायचे तर मुलाला ध्वनियंत्रणा जोडता आली पाहिजे, दिवे लावता आले पाहिजेत, रंगभूषा आली पाहिजे. सुपारी घेताना कागद करायचा, तो कसा, आणि हिशेब कसा ठेवायचा, हेही आले पाहिजे. मला यातले शेवटचे दोन कधीच आले नाहीत. त्यापायी किती बिदागी बुडाली, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखे नाही.

आणि शिकवणार कोण? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलांसाठी गावातल्या जाणकारांना शाळेत शिकवायला बोलवावे, असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ज्याने चाळीस वर्षे संकासुर केला, त्याला बीएड नसतानाही वर्गात उभे राहता येते. कागदावर तरी येते. तिथे पुन्हा कुणी "नियमात बसत नाही" म्हणू नये.

तुम्हालाही एक विचारतो, रागावू नका. परवा तुमच्या मंडळाच्या नाटुकल्याची तालीम पाहिली. दासीचे काम करणारी ती मुलगी संवाद विसरली आणि न थांबता मनचे बोलली, समोरच्यालाही सांभाळून घेतले. हे शिकवून येत नाही. तिच्या आईला मी तसे सांगितले. आई म्हणाली, "हो, पण पुढच्या वर्षी दहावी आहे, मग बंद." माझा भाऊ आणि त्या बाई यांच्यात तसा काही फरक नाही. दोघांनाही पोरांची काळजीच आहे. नाईट किती मिळते, या प्रश्नाला माझ्याजवळ आजही चांगले उत्तर नाही.

चवथीला घरी होतो. आरतीला पुतण्याने घुमट घेतले, शामेळावर शेजारचा पोरगा. भाऊ पुढे उभा राहून गात होता. तिसऱ्या आरतीला पोराने लय चढवली, तसा भाऊ डोळे न उघडताच म्हणाला, "धांवू नको, माका श्वास घेवंक दी." पोराने लगेच लय धरून ठेवली. तो कागद अजून त्यांच्या कपाटावर आहे. शाळेने दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे.