मुलांचे फोटो, झूम लेन्स आणि थोडं सॉफ्टवेअर
(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अध्यक्ष, सेक्रेटरी, समितीचे सभासद आणि पुढे सतरंजीवर बसलेली माझी सगळी छोटी गिऱ्हाईकं!

दिवाळीनंतर आपल्याकडे तीन-चार घरांत नवे कॅमेरे आले, त्यांच्याबरोबर झूम लेन्सही आल्या. तेव्हापासून लिफ्टमध्ये एकच प्रश्न ऐकतेय : "काकू, लेन्स तर घेतली, पण फोटो हललेलेच येतात." म्हणून आज हा विषय.

या लेन्स साधारण 55 ते 250 किंवा 70 ते 300 मिलिमीटरच्या असतात. यांचा खरा फायदा असा, की आपल्याला लांब राहता येतं. दोन-तीन वर्षांच्या मुलासमोर कॅमेरा नेला की ते एकतर लेन्सवर बोटं उमटवतं, नाहीतर सगळे दात दाखवून उभं राहतं. घसरगुंडीवरच्या मुलांचे फोटो मी पार्किंगच्या कठड्याजवळून काढते. ती त्यांच्या खेळात असतात, मी माझ्या. शिवाय अगदी जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान दिसतात, तेही टळतं.

पण झूम जितका जास्त, तितका हाताचा कंप जास्त दिसतो. जुना हिशेब सोपा आहे : 250 मिलिमीटरला शटर निदान 1/250 सेकंद हवं, आणि आपल्या घरगुती कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असतो म्हणून 1/400 धरा. लेन्सवर कंप थोपवायचं बटण असतं ना, ते तुमचा हात सावरतं, धावणारं पोर सावरत नाही! पळणाऱ्या मुलाला 1/500 आणि झोक्यावरच्याला 1/1000 लागतं. त्यासाठी उजेड हवा, आणि पूर्ण झूम केल्यावर या लेन्स उजेड कमी घेतात. म्हणून घरात खिडकीपाशी या आणि आयएसओ 1600, 3200 पर्यंत बिनधास्त वाढवा. फोटोत दाणे येतील, येऊ देत. दाणे सॉफ्टवेअरने कमी होतात, हललेला चेहरा सरळ होणं कठीण. आणि कृपा करून खाली बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलाचा भांग तेवढा छान येतो. (गुडघे दुखतात त्यांनी प्लास्टिकचं स्टूल घ्यावं, मी तेच करते.)

आता सॉफ्टवेअर. लाइटरूमला पैसे पडतात, डार्कटेबल फुकट आहे. दोन्हींत मूळ फाइल तशीच राहते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पहिलं काम निवडीचं. तीनशेतले वीस ठेवा.

खरं बोलायचंय ते पुढच्या कामाबद्दल. मध्यंतरी एका बाई मुलीचे वाढदिवसाचे फोटो बघायला आल्या. आपल्या सोसायटीतल्या नव्हेत, उगाच अंदाज बांधू नका. म्हणाल्या, "जरा उजळ करून द्या ना." त्यांनी स्वतःच माऊस घेतला आणि मुलीचा चेहरा पिठासारखा केला. मुलगी शेजारीच उभी होती, साडेचार वर्षांची. तिने विचारलं, "आता मी बरी दिसते?"

मी ते फोटो तसे दिले नाहीत. बाई नाराज झाल्या, चालायचंच.

पण यात एक तांत्रिक गोष्ट आहे, ती समजून घ्या. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून उजेड मोजतो. आपल्या हॉलची पांढरी भिंत मागे असली की त्याला वाटतं फारच उजेड आहे, आणि तो सगळंच काळवंडवतो. मग चेहरा आहे त्याहून गडद येतो. ही कॅमेऱ्याची चूक, ती जरूर दुरुस्त करा. काढतानाच एक्स्पोजर एक पायरी वाढवा, किंवा नंतर सॉफ्टवेअरमध्ये. खूण सांगते : मुलीला शेजारी बसवा आणि पडद्यावरचा रंग तिच्या गालाशी ताडून बघा. जुळला की थांबा. त्यापुढे जे होतं ती दुरुस्ती नव्हे. कोडॅक कंपनीची शर्ली कार्डं होती, लॅबमध्ये रंग जुळवायला. त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असायचा, तिची कातडी नीट आली की रंग बरोबर! बाकीच्यांचे चेहरे कसे येतात हे कोण बघतंय? ती कार्डं गेली, आता तेच काम आपण घरी बसून कशाला करायचं?

डागांचंही तसंच. डास चावलेलं, खरचटलेलं, म्हणजे पंधरा दिवसांत जाणारं असेल तर पुसा. तीळ, जन्मखूण, कांजण्यांचा वण राहू द्या. शेंबूड मात्र मी नेहमी पुसते, आधी रुमालाने.

झूमची एक दुसरीही बाजू आहे. कठड्याजवळून मला जसं घसरगुंडीवरचं मूल दिसतं, तसं ते कुणालाही दिसतं. दुसऱ्याच्या मुलाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्याच्या आईबाबांना विचारा. सात-आठ वर्षांच्या मुलाला स्वतःलाही विचारा, त्याचं ठाम मत असतं. आंघोळीचे, उघड्या अंगाचे फोटो घरच्या अल्बमातच राहू देत. शाळेचा बिल्ला किंवा गाडीचा नंबर दिसत असेल तर फोटो कापून घ्या. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागेचा पत्ताही साठतो, तो पर्याय बंद करा.

शेवटचं, प्रदर्शनासाठी. 4 बाय 6 इंचाच्या चांगल्या प्रिंटला 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो लहान होऊन येतो, म्हणून मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणून द्या, मागे फ्लॅट नंबर लिहून.

कॅमेरे आणलेत ना? चला मग खाली, बागेत अजून अर्धा तास ऊन आहे. प्रश्न तिथेच विचारा.