गिऱ्हाइकाला अडवणारा फॉर्म नको



हापूसच्या पेट्या, आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ. आपल्या रत्नागिरीच्या गटांचा हा माल आता पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक मोबाइलवरून मागवतं. काही गटांनी स्वतःची वेबसाइट केली आहे, काही करायच्या विचारात आहेत. तिथे नव्या गिऱ्हाइकापुढे नोंदणीचा फॉर्म येतो. माल कितीही चांगला असला, तरी फॉर्म किचकट असेल तर गिऱ्हाईक तिथूनच परत जातं. म्हणून आज आम्ही या फॉर्मबद्दल बोलणार आहोत.

फॉर्म कसा असू नये, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. नाव आधारवर माहेरचं, बँकेत सासरचं. ओटीपी यायचा तो मोबाइल घरधन्याच्या खिशात. सगळं भरून झालं की रेंज जाते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्याला झालेला हा त्रास आपल्या गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, एवढं पक्कं ठरवू या.

पहिली गोष्ट, कमी विचारा. पेटी पोचवायला नाव, मोबाइल नंबर, पत्ता आणि पिनकोड लागतो. जन्मतारीख कशाला? आधार नंबर तर मुळीच मागू नका. २०२३ साली झालेला वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही हेच सांगतो, की ज्या कामासाठी माहिती घेता त्या कामापुरतीच घ्या आणि माणसाची संमती घेऊन घ्या. अनोळखी ठिकाणी आपला नंबर देताना बाईचा हात थांबतो. म्हणून नंबराच्या चौकटीखाली एक ओळ लिहा: "पेटी आली की कळवण्यासाठी."

दुसरी गोष्ट नावाची. कित्येक फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव अशा दोनच चौकटी असतात. आपल्याकडे मधे वडिलांचं नाहीतर नवऱ्याचं नाव असतं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात तर राज्य सरकारच्या निर्णयाप्रमाणे आईचंही नाव आलं. मग चौकटी मोजत कशाला बसायचं? "पूर्ण नाव" अशी एकच लांब चौकट ठेवा. ज्याला जसं लिहायचं तसं लिहू दे, मराठीत लिहिलं तरी चालू दे.

तिसरी गोष्ट पत्त्याची. वेबसाइट करून देणारा मुलगा बहुधा तयार नमुना उचलतो. त्यात फ्लॅट नंबर, बिल्डिंग, रस्ता असं सक्तीनं विचारलेलं असतं. आपला पत्ता असतो मुक्काम, पोस्ट, वाडी, तालुका, जिल्हा. चिपळूणची किंवा राजापूरची बाई फ्लॅट नंबर कुठून आणणार? त्या मुलाला सांगा, पत्ता मोकळ्या चौकटीत घे आणि पिनकोड वेगळा घे. देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, संस्कृतचे मोठे पंडित. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात. म्हणजे पिनकोड टाकला की जिल्हा आणि राज्य फॉर्मनं आपलं आपण भरावं. गिऱ्हाइकाला पुन्हा विचारू नये.

याचं चांगलं उदाहरण सरकारी उद्यम नोंदणीचं आहे. १ जुलै २०२० पासून ती सुरू आहे. आधार आणि पॅन दिलं की काम होतं, कागद जोडावे लागत नाहीत, फी एक पैसाही नाही. उलाढालीची जी माहिती सरकारकडे आधीच आहे, ती तिकडूनच घेतली जाते. जाता जाता सांगतो, या नोंदणीसाठी कुणी पैसे मागितले तर थांबा. खऱ्या साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं.

चौथी गोष्ट चुकीची. आकडा राहिला की लाल अक्षरांत "अवैध" असं दाखवू नका. त्यातून कुणाला काय कळणार? "मोबाइल नंबर १० आकडी हवा, एक आकडा कमी आहे" असं चुकलेल्या चौकटीपाशीच लिहा. बाकीचं भरलेलं पुसलं जाता कामा नये. रेंज गेली तरी ते राहिलं पाहिजे. नंबराच्या चौकटीत आकड्यांचाच कीबोर्ड उघडावा. अक्षर मोठं असावं. आणि सगळ्यात खाली फोन नंबर द्या: "फॉर्म जमत नसेल तर फोन करा, ऑर्डर आम्ही लिहून घेऊ."

आता एक काम. फॉर्म तयार झाला की गटातल्या सगळ्यात कमी मोबाइल वापरणाऱ्या बाईच्या हातात द्या. शेजारी बसा, पण बोलू नका. ती जिथे अडेल, तिथे तिला नाही, फॉर्मला सुधारायचं. तीन-चार जणींकडून असा भरून घेतलात, की कुठल्या चौकटी काढायच्या ते आपोआप कळेल. हे पेट्या भरायला लागण्याआधी करा. ऐन हंगामात पुन्हा वेळ मिळायचा नाही.